आमच्या नववीची सहल परत द्या: संस्थेच्या संचालक मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी फलकावर आपली सूचना लागली. यापुढे संस्थेच्या कोणत्याही शाळेची सहल थीम पार्क किंवा मनोरंजन उद्यानात जाणार नाही, सहल फक्त शैक्षणिक, ऐतिहासिक व धार्मिक स्थळी काढावी, असं त्यात म्हटलं होतं. नववीची मुलं मधल्या सुट्टीत ती सूचना वाचत उभी होती. कोणी काही बोललं नाही. एका मुलीने मला एवढंच विचारलं, "बाई, आमचीच का?"

मी तिला उत्तर देऊ शकले नाही. म्हणून आपल्याला दोन पत्रं पाठवली. त्यांना उत्तर आलं नाही, तेव्हा हे तिसरं पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. संस्थेचं आणि शाळेचं नाव यात मुद्दाम लिहीत नाही. मला कोणाची बदनामी करायची नाही, आणि अशी सूचना फक्त आमच्याच फलकावर लागली असेल असंही मला वाटत नाही.

मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात वाढले आणि त्याच पट्ट्यात विज्ञान शिकवते. 1994 साली मी नववीत होते. आमच्या शाळेची सहल मुंबईला निघाली होती: गेटवे, राणीची बाग, तारापोरवाला मत्स्यालय आणि शेवटच्या दिवशी एस्सेलवर्ल्ड. बाकीची नावं आम्ही पुस्तकात वाचली होती. एस्सेलवर्ल्ड मात्र आम्ही दूरदर्शनवरच्या जाहिरातीत पाहिलं होतं, सरपंचांच्या घरी, ओसरीत बसून. ते 1989 साली गोराईला सुरू झालं होतं आणि तिथे होडीतून जाता येतं, हे आम्हाला पाठ होतं. सहलीचे अडीचशे रुपये होते. माझा भाऊ दहावीत होता. वडिलांनी एकाचे पैसे भरले, त्याचे. मुलीला तीन रात्री बाहेर पाठवायचं नाही, हेही त्यात होतंच. भाऊ परत आला आणि आठवडाभर रोलर कोस्टरबद्दल सांगत राहिला. वर चढताना काय होतं, उतरताना पोटात काय होतं. मी सगळं ऐकून घेतलं आणि रात्री अंथरुणात डोळे मिटून ते चढण्या-उतरण्याचं चित्र मनात चालवून पाहिलं.

त्यानंतर 30 वर्षांत माझ्या हातून ते झालं नाही. शिक्षण, नोकरी, लग्न, मुलं यांत एस्सेलवर्ल्ड राहून गेलं, आणि ते पार्क आता बंद आहे. खोपोली-पाली रस्त्यावर 2013 साली इमॅजिका हे थीम पार्क सुरू झालं तेव्हा मी मुख्याध्यापकांना म्हटलं होतं की एकदा मुलांना तिथे नेऊ या. दरवर्षी काहीतरी आड आलं. एकदा दुष्काळ, एकदा पैसे. 2020च्या मार्चमध्ये ठरलेली सहल कोरोनाने गेली. त्या तुकडीतली मुलं आता कमावती झाली. त्यांतला एक जण पुण्यात डिलिव्हरीचं काम करतो. भेटला की अजून म्हणतो, "बाई, आमची सहल राहिली."

शेवटी जानेवारी 2025 मध्ये आम्ही गेलो. नववीची 38 मुलं, चार शिक्षक, एक एसटी. बोरघाटात बोगदा आला की सगळी गाडी ओरडायची, आणि बोगदा संपला की एकदम शांत व्हायची. त्या शांततेत पुढच्या बोगद्याची वाट पाहणं चाललेलं असायचं. घाट उतरून खोपोलीकडे वळल्यावर झाडांच्या वरून त्या कोस्टरचा रूळ दिसला. तेव्हा मात्र कोणी ओरडलं नाही. मागच्या बाकावरून एकच आवाज आला, "एवढा उंच?"

नायट्रो हे त्या राइडचं नाव. स्वित्झर्लंडच्या बॉलिजर अँड मॅबिलार्ड कंपनीने बनवलेली. सुमारे 40 मीटर उंच, म्हणजे अंदाजे 13 मजले. एका ओळीत चार जण बसतात. आधी खांद्यावरून कडं खाली येतं, मग पायाखालची जमीन सरकते आणि पाय मोकळे लोंबतात. माझ्या शेजारी बसली होती ती मुलगी ऊसतोड कामगारांची. आईवडील दिवाळीनंतर कारखान्याच्या पट्ट्यात जातात, ती आजीजवळ राहते. सहलीचे पैसे तिने पाच हप्त्यांत भरले होते आणि प्रत्येक हप्ता वहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून माझी सही घेतली होती. चपला फलाटावर काढून ठेवलेल्या, पायांत पैंजण. साखळी आम्हाला वर खेचू लागली तेव्हा तिने माझा हात धरला नाही. समोरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि डोळे उघडे ठेवले. मी मात्र मिटले होते. शिखरावर ती म्हणाली, "बाई, बघा की!" मी डोळे उघडले. समोर सह्याद्रीची रांग होती आणि आमच्या पायांखाली काहीच नव्हतं.

पुढचं मी सांगू शकणार नाही. पाच वेळा आम्ही उलटे झालो. खाली उतरलो तेव्हा मी रडत होते आणि मुलं माझ्याकडे पाहत होती. 1994 सालापासून जे मनात धरून ठेवलं होतं, ते त्या दोनएक मिनिटांत माझं झालं. पण मी आज लिहिते आहे ते माझ्यासाठी नाही. त्या मुलीने फलाटावर चपला घालता घालता मला जे विचारलं, त्यासाठी लिहिते आहे. "बाई, खाली येताना माझं वजन कुठं गेलं?"

आता आपल्या निर्णयाबद्दल.

आपण म्हणता, थीम पार्क शैक्षणिक नाही. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिला पाठ "गतीचे नियम" आणि दुसरा "कार्य आणि ऊर्जा" आहे, हे आपल्याला ठाऊक असेल. सहलीच्या आठवडाभर आधी आम्ही फळ्यावर नायट्रो काढली होती. वरची स्थितिज ऊर्जा खाली येताना गतिज होते. समीकरण मांडलं तर वस्तुमान दोन्ही बाजूंनी जातं. म्हणजे गाडीत जाड माणसं बसोत की बारीक, वेग तोच. यावर वर्गात अर्धा तास वाद झाला. मग वेग काढायला 2 गुणिले 9.8 (गुरुत्व त्वरण) गुणिले 40 (उंची) केलं तर 784 आले. त्याचं वर्गमूळ बरोबर 28. सेकंदाला 28 मीटर, म्हणजे ताशी साधारण 101 किलोमीटर. गणिताला घाबरणाऱ्या मुलांनी तो आकडा वहीत चौकट करून लिहिला. नायट्रोचा वेग ताशी 105 च्या आसपास सांगितला जातो. तर एका मुलाने विचारलं, "घर्षणाने वेग कमी व्हायला पाहिजे, मग त्यांचा आकडा आपल्यापेक्षा जास्त कसा?" आम्ही बसमध्ये कारणं लिहून काढली. शिखरावर गाडी थांबलेली नसते, साखळीने तिला आधीच थोडी गती दिलेली असते. रूळ निघण्याच्या फलाटाच्याही खाली जात असेल. 40 हा आकडाच गोळाबेरीज असेल. तो मुलगा पार्कमध्ये रांगेत उभा राहून रूळ कुठे कुठे जमिनीजवळ येतो ते पाहत होता. 23 वर्षांच्या नोकरीत मी प्रयोगशाळेत असं पाहणारं मूल क्वचित पाहिलं आहे.

आणखी एक सांगते. मुलांनी विचारलं, गाडीला उलटं फिरवणारा रुळाचा वळसा पूर्ण गोल का नाही, पाण्याच्या थेंबासारखा निमुळता का? 1895 साली अमेरिकेत कोनी आयलंडला पूर्ण गोल वळशाचा कोस्टर बांधला होता, त्यात बसणाऱ्यांच्या मानेला इजा व्हायच्या. गोल वळशाच्या माथ्यावरून गाडी जेमतेम पार होईल एवढाच वेग धरला, तरी तळाशी माणसाला आपल्या वजनाच्या सहा पट भार सोसावा लागतो. वेर्नर श्टेंगल या जर्मन अभियंत्याने 1976 साली कॅलिफोर्नियातल्या कोस्टरला थेंबासारखा वळसा दिला, खाली पसरट आणि वर आवळलेला. तेव्हापासून अशा उभ्या वळशातून उलटं फिरणं माणसाच्या मानेला सोसू लागलं. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा ती त्या वळशाच्या खाली उभी होती आणि वरून गाडी जात होती. हे शिक्षण नसेल तर मला शिक्षणाचा दुसरा अर्थ माहीत नाही.

ती मुलगी आता दहावीत आहे. या जुलैत गुरुत्वाकर्षणाच्या पाठात मुक्त पतन आलं. खाली पडणारी वस्तू आणि तिचा आधार एकाच त्वरणाने पडत असतील तर वजन जाणवत नाही, हे मी वाचून दाखवत होते. तिने हात वर केला आणि म्हणाली, "म्हंजे ते वजन गेलं नव्हतं, खुर्चीच मला ढकलत नव्हती." पुस्तकात हे एवढ्या सोप्या शब्दांत लिहिलेलं नाही.

गडकिल्ल्यांना माझा विरोध आहे असं कोणी समजू नये. मी स्वतः पाच वेळा मुलांना घेऊन प्रतापगड चढले आहे आणि पुढेही चढेन. पाचवी ते आठवी मुलं दरवर्षी गडावर जातात, जावीतच. माझं म्हणणं एका वर्षापुरतं, एका इयत्तेपुरतं आहे.

दुसरं कारण आपण बैठकीत तोंडी सांगितलं म्हणतात, ते सुरक्षिततेचं. हे कारण मी हलकं मानत नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. तेव्हापासून सहलीचा कागद हातात घेतला की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या सहलीनंतर महिन्याभरात, फेब्रुवारी 2025 मध्ये, खोपोलीच्या त्याच पार्कमध्ये शाळेबरोबर आलेल्या एका मुलाचा अचानक मृत्यू झाला. त्या घरावर जे कोसळलं त्यापुढे माझं सगळं म्हणणं लहान आहे. ती बातमी वाचून मी आमच्या 38 मुलांची नावं मनात मोजली होती.

पण त्या भीतीने आपण काय केलं? एका ठिकाणाचं नाव यादीतून काढलं. बाकी सहल होती तशीच ठेवली. आमची सहल रात्री दोन वाजता निघाली होती, कारण मुक्कामाचा खर्च मंजूर झाला नव्हता. तीच मुलं रात्री बाराला परत आली. दिवसभर उन्हात फिरलेली मुलं आणि सकाळपासून जागा असलेला चालक, खंबाटकीचा घाट आणि अंधार. त्या सहलीतला मला सगळ्यात भीतीचा भाग तो होता. राइडवर मुलाची उंची पट्टीवर मोजतात, खांद्यावरचं कडं कर्मचारी ओढून पाहतो, मगच गाडी सुटते. परतीच्या रस्त्यावर आमच्या मुलांची अशी तपासणी कोणी केली नाही, आणि यंदा ठरलेल्या देवदर्शनाच्या सहलीचं वेळापत्रकही रात्री निघून रात्री परत येण्याचंच आहे. ते मी पाहिलं आहे. निघण्याआधी एकाही मुलाची वैद्यकीय तपासणी झाली नव्हती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्याच्या नोंदी कपाटात होत्या. त्या कोणी काढून पाहिल्या नाहीत. मीही पाहिल्या नाहीत, आणि ही चूक मी इथे कबूल करते.

गावोगावच्या यात्रेत हीच मुलं आकाशपाळण्यात बसतात. कित्येक पाळण्यांत समोरच्या दांड्याला नुसती दोरी बांधलेली असते. त्याबद्दल आपण कधी सूचना काढली नाही. मुलांना उंच जायचं असतं, वेगात यायचं असतं, आणि ती ते कुठेतरी करणारच. शिक्षकांच्या नजरेखाली, तपासलेल्या यंत्रावर करू द्यायचं, की आपल्या नजरेआड, एवढंच आपल्या हातात आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. आपल्या सूचनेने नेमकं कोणाचं जाणं थांबलं? संस्थेच्या शहरातल्या शाखेतली मुलं आईवडिलांबरोबर सुट्टीत पार्कला जाऊन येतात, त्यांचे फोटो वर्गात सगळ्यांना दिसतात. त्यांचं जाणं सुरूच राहील आणि राहू दे. थांबलं ते फक्त त्यांचं, ज्यांना नेणारं शाळेशिवाय दुसरं कोणी नाही. ऊसतोडीला गेलेल्या, दुधाच्या गाडीवर जाणाऱ्या, रोजगार हमीवर काम करणाऱ्या आईबापांची मुलं. त्यांच्या घरी तिकिटाचा विषय निघतच नाही. शाळेची सहल हीच त्यांची सहल असते, आयुष्यात कदाचित एकदा. एसटी महामंडळ शालेय सहलींना भाड्यात 50 टक्के सवलत देतं, ती या मुलांसाठीच आहे. 1994 साली माझ्या वडिलांकडे दोघांचे पैसे नव्हते म्हणून मी राहिले. आज पैसे भरायला तयार असलेल्या मुलीला आपण सूचना काढून मागे ठेवता आहात. दोन्हीत खाली उभी राहणारी मुलगी तीच आहे.

आणि मुलींचं वेगळं सांगायला हवं. आमच्या भागात मुलीला बाहेरगावी पाठवायला घरचे तयार होतात ते "शाळेची सहल आहे, बाई बरोबर आहेत" या एका वाक्यावर. जानेवारीतल्या 38 मुलांत 17 मुली होत्या. त्यासाठी मी नऊ घरांत जाऊन बसले होते. एका आजोबांनी तीनदा नाही म्हटलं आणि चौथ्यांदा स्वतः एसटीपर्यंत सोडायला आले. हा विश्वास उभा करायला वर्षं लागतात.

चौथी गोष्ट थोडक्यात. हा निर्णय घेताना आपण एकाही शिक्षकाला, पालकाला किंवा मुलाला विचारलं नाही. सूचनेखाली कारण नव्हतं, कोणाशी बोलायचं तेही नव्हतं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

ही सूचना तूर्त स्थगित करावी आणि शिक्षक, शाळा व्यवस्थापन समिती आणि पालकांबरोबर बैठक घेऊन पुन्हा विचार करावा. बैठकीत नववी-दहावीची दोन मुलं आणि दोन मुली असाव्यात आणि त्यांना बोलू द्यावं.

सहल कुठेही जावो, गडावर, देवळात की पार्कमध्ये, रात्री दहा ते पहाटे पाच बस रस्त्यावर असणार नाही असा संस्थेचा लेखी नियम करावा. त्यासाठी लागणारा एक मुक्काम मंजूर करावा. वाटेवरच्या एखाद्या शाळेचं सभागृह मिळालं तरी आम्हाला पुरेल, सतरंज्या आम्ही आणू.

निघण्याआधी पंधरा दिवस प्रत्येक मुलाची तपासणी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांकडून करून घ्यावी. हृदयाचा, दम्याचा किंवा फिट येण्याचा त्रास असलेल्या मुलाची नोंद बरोबरच्या शिक्षकाकडे असावी. दर दहा मुलांमागे एक शिक्षक, मुली असतील तिथे शिक्षिका, आणि दोन जणांना तरी प्रथमोपचाराचं आणि छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचं (सीपीआरचं) प्रशिक्षण असावं. ते प्रशिक्षण घ्यायला मी पहिली नाव देते.

ज्या मुलाला राइडवर बसायचं नाही त्याला आग्रह होणार नाही, चिडवणं होणार नाही. जानेवारीत सहा मुलं खाली थांबली होती. त्यांनी मोबाइलवर वेळ मोजून दिली म्हणून आमचं गणित पुरं झालं.

सहलीचे पैसे जूनपासून हप्त्यांनी घ्यावेत. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी संस्थेने वार्षिक समारंभाच्या खर्चातून थोडी रक्कम बाजूला काढावी.

यंदाच्या नववीत 41 मुलं आहेत. सूचना लागायच्या आधीच त्यांतल्या 26 जणांनी पहिला हप्ता माझ्याकडे जमा केला होता. तो मी परत केलेला नाही. पाकिटावर नावं घालून प्रयोगशाळेच्या कपाटात कुलपात ठेवला आहे, आणि प्रत्येकाच्या वहीत तारीख घालून सही केली आहे. आपलं उत्तर 15 डिसेंबरपर्यंत यावं अशी विनंती आहे. एसटीच्या आगारात जानेवारीची गाडी नोंदवायला तेवढे दिवस लागतात.

आपली विश्वासू,
नववी-दहावीच्या विज्ञानाच्या बाई
नोव्हेंबर 2025